पंधरा जण, तीन गट आणि रस्त्याखालची मोरी

मला लिहायचंय ते इथल्या जंगलातली कामं सुचवणाऱ्या पंधरा जणांच्या एका कमिटीबद्दल, पण सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली निम्म्याहून जास्त जमीन फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची आहे आणि सरकार स्वतःच्या जमिनीवर काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, प्रॉपर्टी टॅक्स भरत नाही. आता तुम्ही म्हणाल बरं मग, आम्हाला काय त्याचं. तर इथे रस्ते, शेरीफ, लायब्ररी, थोड्याफार प्रमाणात शाळासुद्धा, हे सगळं प्रॉपर्टी टॅक्सवर चालतं, आणि ज्या काउंटीत जिकडे बघाल तिकडे नॅशनल फॉरेस्टच आहे तिथे टॅक्स लावायला जमीन उरते किती? मूठभर गाव आणि बाकी सगळी डग्लस फरची झाडं.

यावर तोडगा म्हणून १९०८ साली कायदा झाला की नॅशनल फॉरेस्टच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा रस्ते आणि शाळांसाठी तिथल्या काउंट्यांना द्यायचा. पश्चिम ओरेगनच्या १८ काउंट्यांचं प्रकरण अजून वेगळं. तिथली बरीच जमीन आधी एका रेल्वे कंपनीला लाइन टाकायला म्हणून दिली होती, कंपनीने अटी धाब्यावर बसवल्या, सरकारने १९१६ साली जमीन परत घेतली आणि १९३७ च्या कायद्याने तिथल्या लाकडाच्या उत्पन्नातला मोठा वाटा काउंट्यांना लावून दिला. थोडक्यात झाड पडलं की काउंटीच्या तिजोरीत पैसा पडला. रोझबर्ग गाव तर स्वतःला देशाची टिंबर राजधानी म्हणवून घ्यायचं. बरीच वर्षं मजेत चाललं.

मग १९९० मधे जुन्या जंगलात राहणारं स्पॉटेड आऊल नावाचं घुबड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आलं, कोर्टकज्जे झाले, १९९४ ला नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन आला आणि फेडरल जंगलातली तोड ८० टक्क्यांच्या वर घसरली. घुबडाला सगळ्यांनी शिव्या घातल्या. खरं सांगायचं तर जुनं जंगल त्याच्या आधीच भरपूर कापून झालं होतं आणि मिलमधे मशिनंही येत होती, पण घुबड समोर दिसतं ना, मशिनवर कोण राग काढणार. लाकूड गेलं, त्याच्या मागोमाग काउंटीचा पैसा गेला. रोझबर्ग ज्यात येतं त्या डग्लस काउंटीने २०१७ मधे आख्खी लायब्ररी सिस्टिम बंद केली, सगळ्या शाखा, कारण लोकांनी जास्तीचा टॅक्स द्यायला मतदानात नाही म्हणून सांगितलं होतं. रोझबर्ग शहराने नंतर आपली लायब्ररी वेगळी सुरू केली तेवढंच.

एवढी पाल्हाळ लावायचं कारण म्हणजे ती कमिटी या सगळ्यातून निघाली. २००० साली ओरेगनचे डेमोक्रॅट सिनेटर रॉन वायडन आणि आयडाहोचे रिपब्लिकन लॅरी क्रेग, दोघांनी मिळून सिक्युअर रूरल स्कूल्स नावाचा कायदा आणला. लाकूड विको न विको, काउंटीला जुन्या उत्पन्नाच्या अंदाजाने ठरावीक रक्कम मिळेल. त्यातली बरीचशी रस्ते-शाळांना, थोडी वणव्यापासून घरं वाचवायला आणि डोंगरात हरवलेल्यांना शोधायला वगैरे, आणि एक तुकडा जंगलातल्याच कामांसाठी. ते काम कुठलं हे सुचवणारी स्थानिक कमिटी म्हणजे रिसोर्स ॲडव्हायझरी कमिटी. इथे सगळे नुसतं रॅक म्हणतात.

रॅकमधे पंधरा माणसं, पाच-पाचचे तीन गट. पहिल्या गटात जंगलातून पोट भरणारे किंवा जंगलात गाड्या फिरवणारे: लाकूड कंपन्या, कामगार युनियन, गुरं चारायचा परवाना असलेले, खाणवाले, ऑफ-रोड गाड्यावाले, मशरूम वगैरे गोळा करणारे. दुसऱ्यात पर्यावरणवाले, पायी हिंडणारे, इतिहास-पुरातत्त्ववाले, चक्क जंगली घोड्यांसाठी काम करणारे. तिसऱ्यात निवडून आलेले लोक, मूलनिवासी जमातींचे प्रतिनिधी, शाळेचे लोक आणि सर्वसामान्य जनता. पगार शून्य. आणि खरी गोम मतदानात आहे. एखादं काम पास व्हायचं तर पंधरांपैकी आठ हात वर झाले एवढ्यावर भागत नाही, तिन्ही गटांत वेगवेगळं बहुमत लागतं. म्हणजे लाकूडवाले आणि सगळे पुढारी एक झाले, दहाच्या दहा मतं पडली, तरी पर्यावरणवाल्या गटात तिघे नाही म्हणाले की फाइल बंद. उलटंही तसंच.

हे मी माझ्या मावसभावाला सांगत होते. तो गडचिरोलीत कुरखेड्याकडे राहतो, त्यांच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय आणि तो त्यांच्या चार-एक-ई च्या, म्हणजे वनहक्क नियमांप्रमाणे जंगल सांभाळायला नेमलेल्या समितीत आहे. विडीच्या तेंदूपानांचा सीझन होता, फडावर पानांचे पुडे मोजून घरी आलेला, दमलेला, तरी त्याने एकदम मुद्द्यालाच हात घातला.

"ताई, पैसा कोणाच्या खात्यात येते, कमिटीच्या का साहेबाच्या?"

म्हटलं कमिटीच्या खात्यात एक डॉलर येत नाही, पैसा फॉरेस्ट सर्व्हिसकडेच, म्हणजे इथल्या फेडरल वनखात्याकडेच असतो.

"अन् सचिव? साहेबच राहते का?"

म्हटलं सचिव असं नाही, पण फॉरेस्ट सर्व्हिसचा एक अधिकारी बसतो, त्याला मत नाही, मात्र तो हजर नसेल तर मीटिंगच होत नाही.

"म्हणजे घंटा साहेबाच्याच हातात," असं म्हणून तो हसला.

त्याचं हसणं समजतं मला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे संयुक्त वन व्यवस्थापन समित्या निघाल्या तेव्हा नावात संयुक्त होतं, पण सचिव वनखात्याचा माणूस, आणि वहीत काय लिहायचं ते तोच ठरवणार. म्हणून तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं मोल. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मधे सामूहिक हक्काचा कागद मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायच्या पासावरून खात्याशी भांडण चाललंच, शेवटी २०११ च्या एप्रिलमधे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा त्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. तिथे ग्रामसभा सल्ला देत नाही, ठरवते. इथल्या रॅकच्या नावातच ॲडव्हायझरी आहे. पण कायद्यात एक पाचर मारून ठेवलीय: रॅकने शिफारस केली नसेल तर त्या पैशातून अधिकाऱ्यालाही काम काढता येत नाही. तो नाही म्हणू शकतो, पण कमिटीला वगळून स्वतःच्या मर्जीने हो म्हणू शकत नाही. भावाला हे पटलं. "अर्धी चावी तरी हाय मंग," म्हणाला.

मी ज्या मीटिंगला गेले तिथे आमच्या ग्रुपचा प्रस्ताव होता. आम्ही काही जण शनिवारी ट्रेलवरची हिमालयन ब्लॅकबेरी उपटतो. (हिमालयाशी तिचा काडीचा संबंध नाही, मूळची आर्मेनियाकडची, कॅलिफोर्नियातल्या एका नर्सरीवाल्याने नाव ठोकून दिलं आणि आता प्रत्येक नवा माणूस मला विचारतो की तुमच्याकडची ना ही.) आम्हाला हातमोजे, अवजारं आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरांना द्यायला मजुरी एवढंच हवं होतं. ते पाच मिनिटांत झालं, कोणाला ब्लॅकबेरीचा कळवळा नव्हता.

जुंपली ती पुढच्या विषयावर, एका मोरीवर. साठ-सत्तर सालात लाकडाचे ट्रक न्यायला जंगलात जे रस्ते काढले त्यांच्याखाली पन्हाळीच्या पत्र्याचे गोल पाइप टाकलेत. ओढ्याचं पाणी त्यातून जोरात सुटतं, खालच्या तोंडाशी खड्डा पडत जातो, आणि काही वर्षांत पाइपाचं तोंड पाण्याच्या वर हातभर लटकायला लागतं. मोठा सॅमन एखादवेळ उडी मारेल, पण कोहो जातीच्या सॅमनची बोटाएवढी पिल्लं उन्हाळ्यात गार पाण्याकडे वर सरकायला बघतात त्यांना तो पाइप म्हणजे भिंत. पाइप गंजलेलाही होता, बुडाला आरपार भोकं, फोटो दाखवले. प्रस्ताव होता तो काढून तळ नसलेली रुंद कमान बसवायची, ओढ्याच्या काठापासून काठापर्यंत, म्हणजे खाली ओढ्याचे मूळचे दगडगोटे तसेच राहतील.

पर्यावरणवाल्या गटातली एक बाई म्हणाली कमान कशाला, रस्ताच उखडा, वर जातंय कोण. लाकूडवाल्या गटातला एक म्हातारा, हाताची दोन बोटं अर्धी, बहुतेक मिलमधेच गेली असणार, तो म्हणाला वणवा लागला तर फायर इंजिन काय हेलिकॉप्टरला बांधून नेणार का. झालं, दोन्हीकडून सुरू. मला वाटलं आता हे भिजत घोंगडं पडणार. पण बाईला माहीत होतं की म्हाताऱ्याच्या गटातली तीन मतं लागणार आणि म्हाताऱ्यालाही तिच्या गटातली लागणार, त्यामुळे कोणी उठून गेलं नाही. जमातीच्या प्रतिनिधीने शांतपणे विचारलं की मोरीच्या वर रस्त्याचे दोन फाटे आहेत, दोन्ही लागतात का? नकाशा काढला. एक फाटा वणव्याच्या गाड्यांना लागतो, दुसरा एका जुन्या तोडीच्या जागेपर्यंत जाऊन संपतो. शेवटी कमान मंजूर, पहिला फाटा राहणार, दुसरा बंद करून उखडायचा आणि त्याचा खर्च याच प्रस्तावात बसवायचा. म्हातारा पुटपुटला, पण हात वर केला. कोणालाच मनासारखं सगळं मिळालं नाही आणि प्रत्येकाला घरी जाऊन सांगण्यापुरतं मिळालं.

हे जर साध्या बहुमतावर असतं तर ज्याच्याकडे आठ डोकी त्याने रेटून नेलं असतं आणि हरलेला कोर्टात गेला असता. इथल्या जंगलाचा तीस वर्षांचा इतिहास तोच आहे. त्यामुळे माझ्या मते या कायद्यातली डोक्याने केलेली गोष्ट पैसा नाही, हा तीन गटांचा नियम आहे.

आणि आता चिडचिड. या पंधरा जणांची नेमणूक कोण करतं, तर वॉशिंग्टनमधे बसलेले कृषिमंत्री. फॉरेस्ट सर्व्हिस त्यांच्या खात्यात येते म्हणून. ओढ्यावरच्या मोरीसाठी बसणाऱ्या माणसाचा अर्ज देशाच्या राजधानीत जातो, तपासण्या होतात, महिनोन्‌महिने पडून राहतो. तोवर जुन्यांची चार वर्षांची मुदत संपते, खुर्च्या रिकाम्या, एका गटात माणसं नाहीत म्हणजे त्या गटाचं बहुमत नाही म्हणजे शिफारस नाही, आणि पैसा नुसता खात्यात. पैसा आहे, मोरी गंजतेय, आणि हात वर करायला माणूस नाही. शिवाय ओढ्यात उतरून काम करायची परवानगी उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचीच असते, माशांच्या हिशोबाने. शिफारस ऑगस्टात आली की ते वर्ष गेलंच. हे वरच्यांना कळत नाही असं नाही. २०१८ च्या फार्म बिल नावाच्या शेतीविषयक कायद्यात अर्जदार मिळत नसतील तिथे कमिटी नऊ जणांची करायची सोय दिली आणि मोंटाना आणि ॲरिझोनात नेमणुका विभागीय अधिकाऱ्याने करायच्या असा प्रयोगही सुरू केला. प्रयोग दोन राज्यांत कशाला, सगळीकडे करा की. उलट्या बाजूचं म्हणणं असं की स्थानिक अधिकारी आपल्या मर्जीतली माणसं भरेल. भरेल ना, पण तीन गटांची अट तशीच राहते, एका गटात आपली माणसं भरून त्याच्या हाती काय लागणार?

वर कायद्याचीच शाश्वती नाही. दर काही वर्षांनी मुदत संपते आणि काउंटीवाले हातात कटोरा घेऊन उभे. २००८ मधे तर मुदतवाढ कशात बसवली माहितीये, बँका वाचवायच्या ७०० अब्ज डॉलरच्या बिलात! २०२३ ला परत संपली, २०२५ मधे काउंट्यांना थेट १९०८ च्या २५ टक्क्यांच्या हिशोबाने पैसे आले, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठे वर्षाच्या शेवटी परत वाढवली. भावाला हे सांगितलं तर म्हणाला आमचा तेंदू बरा, भाव पडला तरी पानं दरवर्षी येतात.

आमच्याकडे आता दुसऱ्या गटात जागा रिकामी आहे, पायी हिंडणाऱ्यांच्या नावाने. पोर्टलंडचे बरेच मराठी लोक दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या ट्रेलवर असतात, फोटो बघते मी. अर्जाला मुख्य अट म्हणजे राज्यात राहायला हवं, आणि मीटिंगला यायला हवं. फॉर्म साधा आहे. नेमणुकीचं पत्र कधी येईल ते मात्र मला विचारू नका.