चौऱ्याऐंशीच्या बागेखाली

लिव्हरपूलमध्ये मर्सी नदीकाठी १९८४ साली ब्रिटनमधला पहिला आंतरराष्ट्रीय उद्यान महोत्सव ज्या जागेवर भरला, तिच्या एका भागाखालचा कचरा उपसण्याच्या कामावर मी पर्यावरण अभियंता म्हणून रुजू झालो. त्याआधी पुण्याजवळच्या फुरसुंगी कचरा डेपोवर बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उपसून, चाळून वेगळा करण्याचे काम, पाहिलेले असल्याने मला नवल वाटायचे कारण नव्हते. तरीही पहिल्या खड्ड्याचा दिवस विसरलेलो नाही.

पोकलेनने उभा काप घेतला. वर गवत, त्याखाली बाहेरून आणून पसरलेली माती आणि ती संपताच काळा, दमट घरगुती कचरा: दुधाच्या काचेच्या बाटल्या, चपला आणि अजूनही वाचता येईल असे एक वर्तमानपत्र. हवा न मिळालेला कागद फार सावकाश कुजतो हे मी शिकलो होतो; पटले ते तो हातात घेतल्यावर. तेवढ्यात, कुजत्या कचऱ्यातून निघणाऱ्या ज्वलनशील मिथेन वायूवर लक्ष ठेवणारा मापक वाजला आणि आकडा उतरेपर्यंत आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

१९८१ मध्ये लिव्हरपूलच्याच टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्यावर मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी या महोत्सवाचा पाठपुरावा केला आणि तेलाच्या टाक्या व उकिरडा असलेली ही जागा तीनेक वर्षांत फुलांनी भरली. मे ते ऑक्टोबर या काळात तेहतीस लाखांहून अधिक लोक येऊन गेले. उद्घाटनाची तारीख ठरली नसती तर एवढ्या झपाट्याने काम झाले नसते, हे मला मान्य आहे. पण पाच-सहा महिन्यांच्या पाहुण्यांसाठी कचरा झाकला तरी भागते, तिथे घरे बांधायची तर तो बाहेर काढावा लागतो; आणि महोत्सवानंतर बागांची निगा कोणी राखायची, याची पुरेशी तजवीज झालेली दिसत नाही. काही भागावर वसाहती उभ्या राहिल्या, महोत्सवाच्या घुमटात सुरू झालेले मनोरंजन केंद्र नव्वदच्या दशकातच बंद पडले आणि जपानी व चिनी बागा, कित्येक वर्षे कुलूपबंद राहून, २०१२ साली पुन्हा लोकांसाठी उघडल्या.

दुपारी मापक शांत झाला. चाळून वेगळी काढलेली माती तपासणीनंतर शेजारच्याच नव्या हिरवळीसाठी वापरायची होती, म्हणून तिचे नमुने मी पिशव्यांत भरू लागलो. स्थानिक फोरमनने ते वर्तमानपत्र मागून घेतले, हलकेच उलगडले आणि सर्वांत आधी फुटबॉलचे पान शोधले.