जुन्या डीजे मिक्सरची दुरुस्ती: गुणगुण, खरखर आणि मुकी झालेली डावी बाजू

चार आठवड्यांपूर्वी हाती घेतलेल्या या दोन चॅनलच्या डीजे मिक्सरमध्ये (टर्नटेबल, लॅपटॉप यांचे आवाज एकत्र करणाऱ्या उपकरणात) चार दोष होते: सतत चालणारी गुणगुण, क्रॉसफेडर (एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेणारी सरकदांडी) सरकवताच उठणारी खरखर, पहिल्या चॅनलवर बंद पडलेली डावी बाजू आणि लॅपटॉप जोडल्यावर फाटणारा आवाज. पैकी तीन पूर्णपणे दूर झाले आहेत.

सर्वांत जास्त वेळ गुणगुणीने घेतला. टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागातून) निघणारा सिग्नल अवघा 3 ते 6 मिलिव्होल्टचा असतो आणि मिक्सरचे टर्नटेबलसाठीचे फोनो इनपुट त्याला सुमारे शंभरपट वाढवते. आरआयएए वक्रामुळे (रेकॉर्ड कापताना दाबलेले खालचे स्वर वाजवताना पुन्हा उचलण्याच्या ठरलेल्या प्रमाणामुळे) 50 हर्ट्झच्या आसपासचे खालचे स्वर त्याहूनही जवळजवळ सातपट उचलले जातात. त्यामुळे वीजपुरवठ्याची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण वायरमध्ये किंचित जरी शिरली, तरी स्पीकरपर्यंत पोहोचताना ती चांगलीच फुगलेली असते. माझ्या टर्नटेबलची अर्थ वायर मिक्सरच्या स्क्रूखाली घट्ट बसवलेली दिसत होती. पण स्क्रू काढल्यावर टोकावरील कळकट, मळकट थर दिसला. बारीक पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासून वायर पुन्हा आवळताच ती जाड गुणगुण थांबली.

तरीही एक बारीक, किरकिरा आवाज उरला, आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की तो नाहीसा होत असे. हा ग्राउंड लूप होता, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी अर्थला जोडली गेल्याने तयार झालेले वेटोळे. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्याने तो कमी झाला आणि लॅपटॉप व मिक्सर यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट विद्युत जोडणीशिवाय आवाजाचा सिग्नल पुढे देणारा) जोडल्यावर पूर्ण गेला. प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, परंतु त्यामुळे विजेचा धक्का बसण्यापासूनचे संरक्षणच जाते. तो कोणीही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

डाव्या बाजूचा शोध घेताना मिक्सरमध्ये जाणाऱ्या टर्नटेबलच्या लाल (उजव्या) आणि पांढऱ्या (डाव्या) आरसीए पिनांची अदलाबदल केली. आता उजवी बाजू बंद पडली, म्हणजे मिक्सर निर्दोष होता आणि दोष त्याच्या आधी होता. हेडशेलमध्ये (कार्ट्रिज बसवलेल्या, टर्नटेबलच्या दांडीच्या टोकात) पांढरी व निळी वायर डाव्या बाजूची, तर लाल व हिरवी उजव्या बाजूची असते. येथे पांढऱ्या वायरची क्लिप कार्ट्रिजच्या पिनवर सैल झाली होती. क्लिप पिनवरून काढून चिमट्याने हलकेच दाबली आणि परत बसवली.

लॅपटॉपचा आवाज फाटण्याचे कारण मागच्या बाजूचा फोनो-लाइन स्विच होता. तो फोनोवर असल्याने लॅपटॉपचा लाइन पातळीचा, म्हणजे कार्ट्रिजपेक्षा खूप जोरदार, सिग्नल नाजूक इनपुटमध्ये शिरत होता. इनपुटलाच सिग्नल कापला गेला, की मास्टर (शेवटच्या आवाजाचे बटण) कितीही कमी केला तरी आवाज स्वच्छ होत नाही.

क्रॉसफेडर मात्र अर्धाच सुधारला आहे. तो उघडल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीवर काळा मळ आला. मग फेडरसाठीचा क्लीनर मारून दांडी पंचवीस-तीस वेळा सरकवली, तेव्हा दोन्ही टोकांची खरखर गेली. मध्यभागी ती अजून ऐकू येते, कारण तेथे कार्बनची पट्टीच झिजलेली आहे. सध्या नव्या फेडरसाठी स्क्रूच्या छिद्रांमधील अंतर आणि कनेक्टरच्या पिना मोजून ठेवत आहे.