पिंगच्या पोटात काय दडलंय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये पेनड्राइव्ह बंद असतो, पिंगकडे (समोरचं मशीन चालू आहे का हे विचारणारा छोटा संदेश) मात्र कुणी ढुंकून बघत नाही. जॅकार्डचं डिझाइन किंवा बायरची रेटलिस्ट तुकडे करून पिंगमधून बाहेर जाऊ शकते.

आधी साधा पिंग ओळखा. विंडोजच्या पिंगमध्ये 32 बाइट डेटा असतो, एबीसीडीची अक्षरं ओळीने. लिनक्समध्ये 56 बाइट: सुरुवातीला वेळेचा शिक्का, मग एकेकाने चढणारे बाइट. हेडरचे (पॅकेटच्या पुढचा पत्त्याचा भाग) 28 धरले की पॅकेट 60 किंवा 84 बाइटचं. वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) आयपी पॅकेटची लांबी 84 च्या वर असलेले एको रिक्वेस्ट, म्हणजे पिंगचे जाणारे संदेश, वेगळे काढा. लाइन तपासणारा 1472 बाइटचा पिंग मारतो, तोही यात सापडेल. त्याला चोर ठरवू नका.

नुसत्या आकारावर भिस्त ठेवली की फसगत होते, कारण 56 बाइटमध्येही माल मावतो. नियमाप्रमाणे रिप्लायमध्ये, म्हणजे पिंगच्या उत्तरात, रिक्वेस्टचाच डेटा जसाच्या तसा परत यायला हवा. जुळला नाही तर बहुधा बोगदा आहे, म्हणजे पिंगच्या आडून दुसराच डेटा ये-जा करतोय. जुळला तरी सुटका नाही: एकतर्फी चोरीत समोरचं मशीन डेटा टिपून घेतं आणि तोच परत पाठवतं. तेव्हा ओळखीची अक्षरं दिसतात का, आणि रात्री एकाच पत्त्यावर किती पिंग गेले, हे बघायचं.

आयपी हेडरच्या आयडी (पॅकेटचा ओळख क्रमांक) रकान्यातही डेटा लपतो, पण पॅकेटमागे फक्त 2 बाइट. 1 एमबीला 5,24,288 पॅकेट लागतील. 1400 बाइटच्या पिंगला साडेसातशे पुरतात. छोट्या युनिटने आयडीच्या मागे लागू नये, पासवर्ड सोडला तर त्यातून फारसं काही जात नाही.

कॅप्चर, म्हणजे पॅकेटची नोंद, राउटरच्या आतल्या बाजूला, स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या पॅकेटची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) करून घ्या. बाहेर घेतलं तर नॅटमुळे (राउटर आतले पत्ते बदलून आपला एकच पत्ता लावतो) सगळी मशीन एकाच पत्त्याची दिसतात, आणि कुठल्या टेबलावरून गेलं ते कळत नाही.

वैतागून सगळं आयसीएमपी (पिंग ज्यातून जातो तो प्रोटोकॉल) बंद करणं ही नेहमीची चूक. त्यातला टाइप 3, कोड 4, म्हणजे ‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोप, अडला की ब्रॉडबँडच्या 1492 एमटीयूवर (एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा) काही साइट अर्धवट उघडून लटकतात. बाहेर जाणारा टाइप 8, म्हणजे एको रिक्वेस्ट, तेवढा अडवा, अ‍ॅडमिनचा पीसी वगळून.

एवढं केलं की चोर डीएनएसकडे (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) वळतो. तिथे एकाच डोमेनखाली दर वेळी नवं, 63 अक्षरांच्या मर्यादेला भिडणारं नाव दिसेल. काही अँटिव्हायरसही असंच विचारतात, म्हणून ब्लॉक करण्याआधी डोमेन कुणाचं ते तपासा.