टपावरची नळी : घुमणं कुठून येतं ते अखेर सापडलं

मासेमारीचे रॉड (गळाच्या काठ्या) नेण्यासाठी गाडीच्या टपावर लावलेल्या नळीचं घुमणं थांबलं! ताशी 90 पर्यंत तरी थांबलंय, त्यापुढे अजून नेऊन पाहिलेलं नाही. मागच्या नोंदीत वैतागून "नळी उतरवते आणि मॅग्नेटवाला (टपाला चुंबकाने चिकटणारा) होल्डर घेते" असं लिहिलं होतं, ते रद्द समजा.

मांडणी तीच आहे. 30 मिमीचे दोन गोल क्रॉसबार, मध्ये 80 सेंमी अंतर, त्यावर 110 मिमीची 3 मीटर पीव्हीसी नळी. पुढचं टोपण चिकटवलेलं, मागचं आट्यांचं. रॉड मागून आत जातात, बूड पुढे आणि टिप मागे. ब्रेक मारला की रॉड पुढे सरकणारच, तेव्हा पुढच्या फोमवर बूड आपटलेलं परवडतं, टिप नाही. बाहेर काढताना टिप धरून ओढायची नाही; रॉडवर चढवलेल्या कापडी मोज्याच्या मागच्या टोकाला पट्ट्याचा फास शिवलाय, तो धरून अख्खा मोजाच ओढायचा. रील (दोरीची चक्री) काढून गाडीच्या आत. रील लावलेल्या, लूअर (नकली आमिष) बांधलेल्या रॉडसकट फिरणाऱ्यांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

मॅग्नेट का नको हेही एकदा लिहून टाकते, कारण तो प्रश्न दर वेळी येतो. मॅग्नेटवर छापलेली किलोंची ताकद जाड पोलादी पाटावर मोजलेली असते. टपाचा पत्रा जेमतेम 0.7-0.8 मिमी. एवढ्या पातळ पत्र्यात ते सगळं चुंबकत्व मावतच नाही, त्यामुळे पकड छापील आकड्याच्या बरीच खाली येते. शिवाय ती ताकद सरळ वर उपटण्याची. वारा मात्र आडवा ढकलतो आणि तिथे खालच्या रबराचं घर्षण कामाला येतं. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टपावर तर विषयच संपला.

व्हॅक्यूमवाल्या होल्डरबद्दल (हवा काढून टपाला चिकटणारे कप) माझं मत जरा मऊ आहे. 15 सेंमी व्यासाच्या कपावर समुद्रसपाटीला हवेचा दाब कागदोपत्री 180 किलोच्या आसपास भरतो. पूर्ण निर्वात कधीच होत नाही, 2000 मीटर उंचीवर हवाच पाचव्या हिश्श्याने कमी, धूळ किंवा मॅट रंग असेल तर कडेने गळती. तरी उरतं ते पुरेसं असतं. एका काठावरून दुसऱ्या काठावर सावकाश जायचं, रॉड तयार ठेवायचे, तर बॉनेट ते टप असा तिरका व्हॅक्यूम होल्डर झकास. पंपावरची खुणेची पट्टी मात्र प्रत्येक थांब्यावर बघायची. हमरस्त्यावर लांब पल्ल्याला मी तो वापरणार नाही. उघडी टिप तासन् तास थरथरते, समोरच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा ब्लँकवर (रॉडच्या कार्बनच्या दांड्यावर) बसतो, आणि कार्बनला बसलेला तो ठोसा त्या दिवशी दिसत नाही. रॉड मोडतो तो नंतर, मासा लागल्यावर. गाईडच्या (रॉडवरच्या, दोरी ज्यातून जाते त्या कडीच्या) सिरॅमिक कड्याला केसाएवढी चीर गेली तर ती विणलेली दोरी कापत बसते आणि आपण गाठीला दोष देतो.

तर, आवाज.

सगळा घोळ असा की आवाज एक नव्हता, दोन होते आणि एकमेकांत मिसळले होते. त्यामुळे एकाचा उपाय केला की दुसरा चालूच, आणि वाटायचं की उपाय फसला. मावसभाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप उघडून बसले. (त्याचं म्हणणं, रेडिओ मोठा कर, प्रश्न मिटला.) वेग हळूहळू वाढवत नेला तेव्हा पडद्यावर दोन वेगळ्या रेघा दिसल्या. एक वेगाबरोबर सरळ वर चढत होती. दुसरी जागची हलत नव्हती. बराच वेळ तिथेच, मग एकदम उडी मारून वरच्या पायरीवर.

चढणारी रेघ क्रॉसबारची. गोल बारवरून वारा गेला की मागे आळीपाळीने वर-खाली भोवरे सुटतात. किती वेळा सुटतात ते वाऱ्याच्या वेगाला बारच्या व्यासाने भागून, त्याला 0.2 ने गुणून अंदाजता येतं. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. 30 मिमीच्या बारला सेकंदाला 167 वेळा. ताशी 60 ला 111. माझी रेघ या आकड्यांच्या अगदी जवळून गेली. (हा आनंद इथल्या लोकांनाच कळेल.)

अडून बसलेली रेघ नळीची. दोन्ही टोकं बंद असलेल्या 3 मीटर नळीत हवेचा स्तंभ 57 हर्ट्झला घुमतो, मग 114, 171 असा पटीत. या पायऱ्या तंतोतंत जुळल्या. पण बंद नळीला फुंकर घालतंय कोण? टोपणं घट्ट, सील ठीक. उत्तर पोटाखाली होतं : पाणी निघावं म्हणून तळाला ओळीने पाडलेली 6 मिमीची भोकं. टप आणि नळी यांच्या फटीतून वारा जोरात जातो, तो त्या भोकांच्या कडांवरून घासत होता. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतो ना, तोच प्रकार. भोकांवर टेप चिकटवली आणि 114 ची रेघ नाहीशी. मी गाडीत ओरडलेच.

पण भोकं कायमची बंद करता येत नाहीत. ओले रॉड आत गेले की पाणी कुठेतरी जायला हवं, नाहीतर गाईडच्या पायांशी गंज, कॉर्कवर बुरशी, आणि खाऱ्या पाण्यावरून आला असाल तर रील सीटचे (रॉडवर रील बसवायच्या जागेचे) आटे पांढरे पडतात. मग भोकं कुठे ठेवायची? वारा जिथे कडेवरून घासत नाही तिथे, म्हणजे मागच्या टोपणाच्या पाठीवर, अगदी खालच्या कडेला. तिथे नळीच्या आडोशाची मंद हवा असते. पाणी तिथवर जावं म्हणून पुढच्या सॅडलखाली (नळीला बारवर धरणाऱ्या पकडीखाली) 10 मिमीची रबरी पट्टी घातली. 80 सेंमीवर 10 मिमी, म्हणजे 3 मीटरला जवळपास पावणेचार सेंमी उतार. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला पुरतो. तळाची जुनी भोकं रबरी बुचांनी बंद, आतून कड घासून सपाट, म्हणजे मोजा अडकत नाही.

बारसाठी कारखान्यांच्या उंच धुराड्यांची युक्ती उचलली. त्यांच्या वरच्या भागावर पिळासारख्या पट्ट्या असतात त्या शोभेच्या नसतात. त्या भोवऱ्यांना एका लयीत सुटू देत नाहीत. नियम साधा : पट्टीची उंची व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, एक पीळ व्यासाच्या पाचपट लांबीत, आणि अशा तीन पट्ट्या. म्हणून 3 मिमीच्या नायलॉन दोरीचे तीन पदर, दर 15 सेंमीला एक वेढा, टोकांना झिप टाय. दिसायला गबाळं आहे. शिट्टी मात्र गेली. विमानाच्या पंखाच्या आकाराचे बार घेतले असते तर हे करावंच लागलं नसतं. नवीन घेणाऱ्यांनी सरळ तेच घ्यावेत, वरच्या खाचेत टी-बोल्ट सरकवता येतात हा वेगळा फायदा.

आता एकच आवाज उरलाय, उन्हात अधूनमधून येणारी "कट्ट". तो नळीची लांबी वाढण्याचा. तापमान 30 अंशांनी वाढलं की 3 मीटर पीव्हीसी सहाएक मिमी वाढते, आणि दोन्ही सॅडल आवळलेले असतील तर ती झटक्याने सरकते. एक सॅडल घट्ट, दुसऱ्यात नळीला लोकरी पट्टीवरून सरकायला वाव, असं करणार आहे. उन्हाचंच आणखी : दोन्ही बाजूंना 1 मीटरपेक्षा जास्त लांबी अधांतरी आहे आणि पीव्हीसी तापली की वाकते, म्हणून खाली ॲल्युमिनियमचा अँगल हवाच. नळी पांढरीच ठेवा. गाडी उन्हात उभी असेल तेव्हा रॉड आत विसरू नका, गाईडच्या बांधणीवरचं इपॉक्सी तापून मऊ पडतं.

सॅडलबद्दल एक तक्रार. ज्या किटमधून ते आले त्यातले बोल्ट "स्टेनलेस" म्हणवत होते आणि खाऱ्या हवेत लगेच तांबडे झाले. विक्रेत्याचं नाव घेत नाही. बोल्ट सुटे, वेगळे विकत घ्या, नायलॉक नट लावा, आणि ॲल्युमिनियमला स्टेनलेस थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर.

इथून पुढे मी तयार कुलूपवाल्या ॲल्युमिनियम पेटीबद्दल लिहिणार होते, कारण पुढचा खर्च तोच ठरला होता. रील लावलेला रॉड आत जातो, चोरीची धास्ती कमी. पण त्यातल्या बऱ्याच पेट्या फ्लाय रॉड डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, रीलचा कप्पा फ्लाय रीलच्या मापाचा. 4000 मापाचं स्पिनिंग रील हँडल दुमडूनही बसेल याची खात्री मापं घेतल्याशिवाय धरू नका.

आणि हे लिहितानाच वाटलं, पेटी कशाला? 110 ची एक नळी काढून 75 च्या दोन लावल्या तर? समोरून वाऱ्याला दिसणारं क्षेत्रफळ 95 चौ. सेंमीवरून 88 वर येतं, म्हणजे उलट थोडं कमीच. प्रत्येक नळीत एक-दोनच रॉड, गाईडला गाईड घासत नाही, मोज्यांची गर्दी नाही. दोघींचे सूर मात्र पुन्हा 57 लाच, लांबी तीच ना. एक 3 मीटर आणि दुसरी 2.4 केली तर दुसरी 71 ला जाईल, आणि आखूड नळीत 7 फुटी वन-पीस (अखंड) रॉड आरामात मावेल. मागचं दारही त्या बाजूने मोकळं उघडेल, आत्ता ते नळीला घासतंय.

अडचण फक्त सर्फ रॉडच्या (समुद्रकाठून लांब फेकायच्या रॉडच्या) 40 मिमी कड्याच्या पहिल्या गाईडची. 30 चं 75 च्या नळीत जातं, लाकडी तुकड्यावर माप घेऊन पाहिलंय. 40 चं उंच पायाचं गाईड जाईल असं वाटत नाही, म्हणजे लांब नळी 90 ची घ्यावी लागेल. कुणाकडे 40 चं उंच पायाचं गाईड असलेला टू-पीस (दोन तुकड्यांचा) रॉड असेल तर ब्लँकच्या खालच्या कडेपासून कड्याच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून कळवा. नळी कापण्याआधी तेवढं हवंय.