देवाचे गोठणे, होकायंत्र आणि परग्रहवासी

आज राजापूरजवळच्या देवाचे गोठणेच्या सड्यावर (उघड्या कातळपठारावर) पुन्हा तोच प्रश्न: इथे होकायंत्र का भरकटतं? परग्रहवासी, गुप्त ऊर्जा, पुरलेलं यान... अहो, जांभ्यात, म्हणजे इथल्या लालसर खडकात, लोह ठासून भरलंय! त्यात उघड्या सड्यावर वीज पडली की तेवढा खडक चुंबकित होऊ शकतो आणि सुईला ओढतो.

तपासायचंय? आधी मोबाइल लांब ठेवा. कव्हरच्या चुंबकानेही सुई फिरते, निम्मे चमत्कार तिथेच होतात. होकायंत्र कातळावर टेकवून नोंद घ्या, मग कमरेइतकं उचलून, मग चार पावलं सरकून. उंचीबरोबर फरक कमी झाला, तर कारण पायाखालीच आहे.

कातळशिल्पांचंही, म्हणजे सड्यावर कोरलेल्या चित्रांचंही, तसंच. भर दुपारी खोदरेष सपाट दिसते आणि फोटोत परग्रहवासीयाचं हवं ते 'हेल्मेट' सापडतं. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. तिरप्या उन्हात रेष सावली धरते. खडू अजिबात नको, पुसट रेष आपण मनासारखी पुरी करून टाकतो.

कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती साधारण 18 मीटरांचा, म्हणून म्हणे तो आकाशातूनच आखला! खरं कोडं गेंड्याचं आहे. आज कोकणात नाही, पण कातळावर कोरलेला आहे. त्यावर मात्र कोणी व्हिडिओ करत नाही.