बेळगावच्या शिवारात आपोआप उगवलेली मोहरी बघायला जाताय? मग हे वाचून जा

मोहरीच्या कुळातली रानटी झाडं बघायची म्हटलं की बरेचजण सरळ जांबोटी-कणकुंबीकडं गाडी काढतात, जंगल तिकडं आहे म्हणून. पण दाट रानात या कुळाचं फारसं काही हाती लागत नाही. नांगरलेली माती, बांध, पाटाची कड, घरामागचं परसू, जिथं माणसाचा हात फिरलाय तिथं ही झाडं येतात. म्हणून जानेवारीत मी वडगाव, येळ्ळूर आणि कडोली एवढंच धरलं, आणि भरपूर बघायला मिळालं.

येळ्ळूरला सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं, सिटी बस मिळते. वडगाव मागं पडलं की दोन्ही बाजूला भात कापून झालेलं शिवार, कुठं मसूर कुठं वाटाणा उभा, आणि बांधावर मधेच एकेकटी मोहरी, कुणी न पेरलेली. तिचं एक फूल तोडून नीट उघडून बघा. चार पाकळ्या फुलीसारख्या समोरासमोर, आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच आणि दोन बुटके. हे सहाचं गणित जमलं की कूळ पक्कं. मग एक पिकलेली शेंग नखानं उकला, मधोमध कागदासारखा पातळ पडदा दिसतो आणि दाणे त्याच्या दोन्ही अंगाला. शेंड्याकडची पानं बुडाशी निमुळती असली तर आपली नेहमीची मोहरी, खोडाला मिठी मारून बसलेली असली तर सरसूकडची, म्हणजे मोहरीच्याच जवळच्या जातीची.

बळ्ळारी नाल्याच्या कडेला ओल आहे तिथं रोरिप्पा ही याच कुळातली रानटी वनस्पती सापडते, फुलं मोहरीसारखीच पिवळी पण इवलीशी, खाली वाकून बसल्याशिवाय दिसतच नाहीत. नाल्यात शहराचं सांडपाणी येतं, त्यामुळे इथला पाला भाजीसाठी कृपा करून तोडू नका.

कडोलीकडं कोबीच्या प्लॉटकडेनं मोहरीच्या ओळी असतात, त्या तेलासाठी नाहीत, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो म्हणून सापळा पीक लावतात. कोबीही याच कुळातला, त्यामुळे किडीला दोन्ही चालतात. या ओळी काढायला उशीर झाला की शेंगा फुटून दाणे सांडतात आणि पुढच्या सालाला बांधावर आपोआप रोपं. पिकातली मोहरी रानटी कशी होते ते इथं उभं राहून बघता येतं, मला तरी सगळ्या फेरीत हीच जागा सगळ्यात आवडली.

आता पिवळा धोत्रा, हे मात्र मनापासून सांगतोय. रस्त्याकडेला, पडीक जागेत तो भरपूर आहे, लांबून पिवळा दिसतो आणि त्याचं बी मोहरीसारखंच काळं बारीक. पण पानाला काटे, पांढरट शिरा, देठ मोडला की पिवळा चीक, फुलात पुंकेसरांचा झुपकाच. या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्यानं १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेच्या रोगाची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. म्हणून मुलांना सोबत नेलं तर आधी धोत्रा दाखवा, मग मोहरी.

पिवळी तिळवण पावसाळ्यात येते, चार पिवळ्या पाकळ्या आणि लांब शेंग बघून फसगत होते. अंग चिकट, एकेक पान तीन-पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं, शेंगेत तो पडदा नाही. कूक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या झाडांची नोंद करणारा ग्रंथ, १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात असल्यानं इकडच्या झाडांनाही तो चालतो, पण त्यात तिळवण वाघाटीच्या कुळात आहे. आता तिला वेगळं कूळ दिलंय, मोहरीच्या अगदी शेजारचं.

जाणाऱ्यांनी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळी जावं, तेव्हा एकाच झाडावर फूल आणि शेंग दोन्ही मिळतात, मार्चमध्ये नुसती वाळकी काटकं. हातभिंग घ्या, नमुना ठेवायचा तर जुना पेपर घ्या. बांधावर चढायच्या आधी शेतकऱ्याला विचारा, आणि तणनाशक कधी मारलंय तेही विचारून घ्या. कॅम्प भागात गवतात काही दिसलं तरी मिलिटरीच्या हद्दीत परवानगीशिवाय फोटो काढू नका.