आगगाडी जिथे पोचली नाही, तिथली झाडं

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाची अमेरिकेच्या या आग्नेय भागात आल्यावर जरा पंचाईत होते. डोंगर भरपूर आहेत, पण वर जाऊन बघायचं काय? बुरूज नाही, पाण्याचं टाकं नाही, शेंदूर फासलेला मारुती नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये दोन-तीन तास चढून गेलं की वरही झाडीच, आणि धुकं उतरलं तर तीही दिसत नाही. त्यामुळे अलीकडे मी माथ्यांचा नाद सोडलाय आणि म्हाताऱ्या झाडांच्या मागे लागले आहे. अटलांटाहून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं, आणि चालायचं म्हणाल तर दोन मैलांतही काम होतं.

पण ही झाडं कुठेही भेटत नाहीत. १९३४ मध्ये इथे नॅशनल पार्क झालं, त्याआधी पन्नासेक वर्षं लाकूड कंपन्यांनी हे डोंगर धुऊन नेले होते. खोऱ्याखोऱ्यांतून लोहमार्ग टाकायचा, दोन्ही अंगांची झाडं पाडायची, गाडीत भरायची आणि पुढच्या खोऱ्यात सरकायचं. आज जे हिरवंगार रान दिसतं, त्यातलं बरंचसं त्यानंतर उगवलेलं आहे. एल्कमाँटजवळची लिटल रिव्हर ट्रेल बघा. रुंद, सपाट, लेकुरवाळ्यांना सोयीची, कारण ती जुन्या लोहमार्गाच्या भरावावरूनच जाते. माझा आडाखा सरळ आहे. जी वाट फार सुखाची, तिथून लाकूड कधीच गेलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात आई आजऱ्याहून आली होती. तिचे गुडघे आता चढ मानत नाहीत, म्हणून तिला जॉइस किल्मर मेमोरियल फॉरेस्टला नेलं. हे पार्कच्या हद्दीबाहेर, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉबिन्सव्हिल गावाजवळ आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारल्या गेलेल्या एका कवीचं नाव या जंगलाला दिलंय. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन मैलांची वाट आहे. खालच्या वेटोळ्यात स्मारकाची पाटी, आणि खरी झाडं वरच्या छोट्या वेटोळ्यात, पॉपलर कोव्हमध्ये. पुष्कळ मंडळी पाटीपाशी फोटो काढतात आणि तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका.

कोव्ह म्हणजे दोन सोंडांच्या मधली ओलसर घळ. वरून वाहून आलेली माती इथे साठते, ओढ्याला बारमाही पाणी आणि वाऱ्याला आडोसा, त्यामुळे झाडं सरळसोट वाढतात. इथला राजा म्हणजे ट्यूलिप पॉपलर. खोडाचा घेर वीस फुटांपर्यंत, उंची शंभर फुटांच्या पुढे, आणि मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी पहिली फांदी सापडत नाही. यातली काही झाडं चारशे वर्षांहून जुनी आहेत. चारशे म्हटलं की मराठी माणूस लगेच शिवकाळाशी हिशेब लावतो, तसा आम्हीही लावला. आईने एका खोडाला हात टेकले, मी आणि नवऱ्याने दोन्हीकडून तिचे हात धरले, तरी मागे भलीमोठी जागा उरली. "अगं, ह्याला कवटाळायला सगळी गावकी बोलवावी लागंल," ती म्हणाली. कोवळ्या पॉपलरची साल करडी आणि बऱ्यापैकी नितळ असते. या म्हाताऱ्यांच्या सालीत मात्र बोट आत जाईल एवढ्या खोल उभ्या चिरा होत्या, आणि चिरांमध्ये शेवाळ आणि कोळ्यांची जाळी.

वाटेवर फुलं पडली होती. झाड एवढं उंच, की फूल बघायचं ते खाली पडलेलंच. आईने एक उचललं. सहा पाकळ्या, रंग पोपटी-पिवळा, आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाशी शेंदरी पट्टा. मधोमध पुंकेसरांची दाटी आणि तिच्यात एक टोकदार सुळका. तिने ते उलटसुलट केलं, हुंगलं आणि म्हणाली, "वास काही नाही, पण बांधा चाफ्याचा वाटतोय." बरोबर ओळखलं होतं! हे झाड मॅग्नोलियाच्या कुळातलं, आपल्या सोनचाफ्याचं सख्खं नातलग.

हे जंगल वाचलं कसं, तीही गंमतच आहे. शेजारच्या स्लिकरॉक खोऱ्यात तोड जोरात चालू होती. तेवढ्यात खालच्या नदीवर काल्डरवुड धरण आलं, लोहमार्ग पाण्यात गेला आणि कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. पॉपलर कोव्हचा भाग दुसऱ्या एका लाकूड कंपनीच्या मालकीचा होता. तो वनखात्याने ऐन मंदीत, एकरी २८ डॉलर मोजून विकत घेतला. त्या काळात आसपासची डोंगरी जमीन याच्या कितीतरी खाली जात होती. ३० जुलै १९३६ ला, कवीच्या मृत्यूला अठरा वर्षं झाली त्या दिवशी, जंगलाचं लोकार्पण झालं. आईला वाटलं होतं, इथेही एखादा देव असणार. आमच्याकडे देवराईत कुऱ्हाड लावली तर देव कोपतो, सुकलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. इथे देव नव्हता. एक धरण, एक व्यवहार आणि बरंचसं नशीब.

नशीब सगळ्यांचं सारखं नव्हतं. पॉपलरच्या जोडीला इथे हेमलॉकची प्रचंड झाडं होती. सूचीपर्णी, गर्द सावलीची, ओढ्याचं पाणी गार ठेवणारी. जपानकडून आलेली एक कीड, आपल्या माव्याच्या गणगोतातली, १९५१ मध्ये व्हर्जिनियात सापडली आणि २००२ मध्ये स्मोकीजमध्ये पोचली. फांदी उलटी करून बघितली की सुयांच्या बुडाशी पांढरे लोकरी ठिपके दिसतात. तेवढंसं ते प्रकरण शेकडो वर्षांचं झाड काही वर्षांत वाळवून टाकतं. पार्कमध्ये निवडक झाडांच्या बुंध्याशी औषध घालून ती जगवली आहेत, पण किल्मरमधले बहुतेक थोर हेमलॉक गेले.

वाळलेली झाडं वाटेवर कोसळायचा धोका होता. २०१० मध्ये वनखात्याने ती पाडली, आणि पाडली ती चक्क सुरुंग लावून. करवत चालवली असती तर सपाट कापलेले बुंधे राहिले असते आणि जंगलाची वखार दिसली असती. सुरुंगाने खोड फाटतं, वादळात मोडल्यासारखं. वाचलं तेव्हा मला हा सरकारी खुळेपणा वाटला होता. तिथे उभं राहून बघितल्यावर पटलं. पुरुषभर उंचीचे, वर ढलप्यांचे सुळे उभे असलेले बुंधे, आणि त्यांच्या कुजत्या गाभ्यात रोडोडेंड्रॉनची आणि बर्चची रोपं धरलेली. कुणी सांगितल्याशिवाय सुरुंगाची शंकाही येत नाही. आईला मी सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना.

थोडी जास्त चाल चालत असेल तर टेनेसीच्या बाजूने, कॉस्बीजवळचं अल्ब्राइट ग्रोव्ह गाठा. जाऊन येऊन साडेसहा-सात मैल होतात आणि चढ सलग आहे. पहिला टप्पा तसा कंटाळवाणा, जुन्या शेतांवर उगवलेली सडपातळ झाडी. वाटेत १८८९ सालचं विलिस बॅक्स्टरचं लाकडी खोपट लागतं. ते एकाच चेस्टनटच्या झाडातून बांधलं असं सांगतात. ते बघून घ्याच, कारण तसला चेस्टनट आता उभा दिसणार नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या एका बुरशीने पुढच्या चाळीसेक वर्षांत या डोंगरांतले जवळजवळ सगळे चेस्टनट संपवले. जुन्या मुळांतून अजून धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात आणि पुन्हा वाळतात. ग्रोव्हचं छोटं वेटोळं त्यानंतर येतं. किल्मरपेक्षा इथे गर्दी कमी, आणि माझ्या मते झाडं जास्त रांगडी. वीज पडलेली, शेंडे मोडलेली, बुंध्यात माणूस मावेल अशा ढोल्या असलेली.

पार्कच्या हद्दीत प्रवेश फुकट आहे, पण २०२३ पासून गाडी लावायला पार्किंग टॅग घ्यावा लागतो. दोन्हीकडे फोनला रेंज धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

माझ्या यादीत आता कॅटालूची खोऱ्यातली बूगरमन ट्रेल आहे. रॉबर्ट पामर नावाचा एक माणूस तिथे राहायचा. शाळेत नाव विचारल्यावर लाजून त्याने 'बूगरमन', म्हणजे बागुलबुवा, असं सांगितलं, आणि ते जन्मभर चिकटलं. आजूबाजूला करवती चालू असताना या बागुलबुवाने आपल्या जमिनीतली झाडं लाकूडवाल्यांना विकली नाहीत. आम्ही जायचं ठरवलं होतं, पण २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने त्या खोऱ्याचे रस्तेच उखडले. आई पुढच्या खेपेला येईल तेव्हा बघू. तोवर तिने गुडघ्यांचे व्यायाम सुरू केलेत.